अग्राह्य उत्तर

दहावीच्या बीजगणिताची कोणतीही वही घ्यावी आणि वर्गसमीकरणांचे प्रकरण उघडावे. शाब्दिक उदाहरणांच्या पानांवर एक वाक्य ठराविक अंतराने भेटत राहते. परंतु रुंदी ऋण असू शकत नाही, म्हणून हे उत्तर अग्राह्य. रुंदीच्या जागी कधी वय येते, कधी वेग, कधी वस्तूची किंमत. वाक्याचा साचा तोच. मुले ते इतक्या सराईतपणे लिहितात, की त्यात विचार करण्याजोगे काही असेल अशी शंका त्यांना शिवत नाही, आणि ती शिवावी अशी शिक्षकांचीही फारशी इच्छा नसते. वाक्य लिहायचे, उरलेल्या उत्तराखाली दोन रेघा ओढायच्या आणि पुढच्या उदाहरणाकडे वळायचे.

हा विषय मी छत्तीस वर्षे शिकवला आणि निवृत्तीनंतरही तो माझ्या हातून सुटलेला नाही. वर्गसमीकरण हे शालेय गणितातले एक विलक्षण वळण आहे. तोवर मूल असे धरून चाललेले असते की प्रश्न एक तर उत्तर एक, आणि ते पुस्तकाच्या अखेरीस छापलेले असते. येथे एकाएकी दोन उत्तरे समोर उभी राहतात. दोन्ही पडताळ्याला उतरतात. आणि त्यांपैकी एकाला आपण उंबऱ्यावरूनच परत पाठवतो. ते का परत जाते, आणि जाताना आपल्याजवळ काय घेऊन जाते, याचा विचार मी पूर्वीही अधूनमधून करीत असे. पण तो सविस्तर करावा लागला तो एका विद्यार्थिनीमुळे.

आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात, रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर, दहावीला बसणाऱ्या मुलांना मी दोन तास गणित सांगतो. सभागृहाचे एक दार कबरस्तानाकडे आणि दुसरे केळीच्या वाडीकडे उघडते. हा तपशील गणिताच्या दृष्टीने निरर्थक आहे. परंतु कोणाचे लक्ष कोणत्या दाराकडे लागले आहे, यावरून परीक्षेची तयारी मला अचूक कळते. काही वर्षांपूर्वी या वर्गात मागच्या बाकावर एक एकोणचाळीस वर्षांची बाई येऊन बसली. तिचे वडील माझे शाळासोबती, त्यामुळे मी तिला एकेरीतच हाक मारतो. नववीत असताना तिची आई अंथरुणाला खिळली आणि फुलांची पाटी हिच्या डोक्यावर आली. पहाटेच्या लोकलने दादरचा फुलबाजार, दुपारी वाडी, संध्याकाळी चूल; या क्रमात शाळेला जागा उरली नाही. शिवाय तिच्या त्या वेळच्या एका शिक्षकांनी भरवर्गात सांगितले होते, की बीजगणित हा काही हिचा प्रांत नव्हे. पंचवीस वर्षांनंतरही ते वाक्य तिला शब्दशः पाठ होते. आता एका पतपेढीत तिला कायमची नोकरी मिळण्याजोगी होती. अट एकच: दहावी उत्तीर्ण. तिने सतरा नंबरचा फॉर्म भरला होता.

हिशेबात ती आमच्या वर्गातल्या सर्वांना मागे टाकी. पावणेदोन किलो मोगऱ्याची किंमत ती माझा खडू फळ्याला लागण्यापूर्वी सांगे. पावकी-निमकी तिने आईच्या तोंडून ऐकून उचललेली. तिची अडचण होती ती क्षशी. "जो भाव मला ठाऊकच नाही, त्याचा वर्ग कशाला करायचा, सर?" असे तिने पहिल्याच रविवारी विचारले. मुले हसली. मला मात्र तो प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा वाटला नाही. न दिसणाऱ्या वस्तूशी दिसल्यासारखे वागायचे, हे बीजगणिताचे सारे धाडस त्या प्रश्नात आले होते.

सभागृहाच्या कपाटात जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा पडला होता. त्यांतल्या दोन-चार जाड पत्रिका आणि एक कात्री घेऊन मी तिच्या बाकाशी बसलो. वसईच्या माणसाला क्षेत्रफळ शिकवावे लागत नाही. गुंठा म्हणजे तेहेतीस फूट बाजूचा चौरस, १०८९ चौरस फूट, हे त्याला पायांनी कळलेले असते. मी म्हटले, जमिनीचा एक लहानसा तुकडा आहे. रुंदी ठाऊक नाही. लांबी रुंदीपेक्षा १० हात अधिक. क्षेत्रफळ ३९ चौरस हात. रुंदीला क्ष म्हणू. मग या तुकड्यातून क्ष बाजूचा एक चौरस कापता येईल आणि उरेल ती १० हात लांब आणि क्ष रुंद अशी पट्टी. म्हणजेच क्षवर्ग + १०क्ष = ३९.

आता ती पट्टी मध्यावर कापून ५ हात लांबीचे दोन सारखे तुकडे करायचे. एक तुकडा चौरसाच्या उजव्या अंगाला लावायचा, दुसरा खालच्या अंगाला. जे तयार होते ते जवळजवळ एक मोठा चौरस असतो. त्याची बाजू क्ष अधिक ५. जवळजवळ म्हणायचे ते अशासाठी, की त्याचा एक कोपरा मोकळा राहतो. तो कोपरा केवढा? ५ गुणिले ५, म्हणजे २५. तेवढा कागद दुसऱ्या पत्रिकेतून कापून तिने तेथे बसवला. ३९ होते, त्यांत २५ मिळाले, ६४ झाले. ६४ क्षेत्रफळाच्या चौरसाची बाजू ८. क्ष अधिक ५ म्हणजे ८, तर क्ष म्हणजे ३. रुंदी ३ हात, लांबी १३ हात, क्षेत्रफळ ३९. ती बराच वेळ त्या कोपऱ्यावर बोट ठेवून होती. मग म्हणाली, "एवढाच तुकडा कमी होता?"

पुस्तकात या कृतीला पूर्ण वर्ग पद्धत म्हणतात. क्षच्या सहगुणकाच्या निम्म्याचा वर्ग दोन्ही बाजूंना मिळवायचा, असा तिचा नियम सांगतात. नियम बिनचूक आहे. पण निम्मे का, वर्ग कशाचा, आणि मिळवायचा तो कोठे, हे लग्नपत्रिकेचे तुकडे जितक्या लवकर सांगतात तितके नियमाला कधीच सांगता येत नाही.

हे उदाहरण मी रचलेले नाही. ते सुमारे बाराशे वर्षांचे जुने आहे. नवव्या शतकाच्या पूर्वार्धात बगदाद येथे, खलिफा अल-मामूनच्या आश्रयाने काम करणाऱ्या अल-ख्वारिझ्मीने आपल्या ग्रंथात ते घेतले आणि त्याची फोड अशाच चौरस-पट्ट्यांनी दाखवली. त्याच्या ग्रंथाच्या नावातील 'अल-जब्र' या शब्दावरून युरोपीय भाषांत बीजगणिताला नाव मिळाले. त्या अरबी शब्दाचा मूळ अर्थ मोडलेले पूर्ववत करणे, निखळलेले जागेवर बसवणे, असा आहे. स्पेनमध्ये पुढे कैक वर्षे हाडे बसवणाऱ्या वैद्याला याच शब्दापासून झालेल्या नावाने ओळखत. 'डॉन किखोते' या कादंबरीत असा एक हाडवैद्य येतो, त्याचा समीकरणाशी काडीचा संबंध नसतो. आपल्याकडे गावोगाव हाडवैद्य होते, पण त्यांच्यावरून कोणी गणिताला नाव दिल्याचे ऐकिवात नाही. ११४५ साली रॉबर्ट ऑफ चेस्टरने हा ग्रंथ लॅटिनमध्ये आणला, आणि ३९ चे हे उदाहरण युरोपभर शतकानुशतके शिकवले गेले.

अल-ख्वारिझ्मीची एक मर्यादा होती. त्याच्या चौरसांना आणि पट्ट्यांना ऋण बाजू असणे शक्य नव्हते. त्यामुळे आज आपण ज्याला एकच वर्गसमीकरण म्हणतो, त्याचे त्याला निरनिराळे प्रकार पाडावे लागले, आणि प्रत्येकासाठी वेगळी रीत सांगावी लागली. एखाद्या संख्येच्या वर्गात २१ मिळवले तर ती संख्या दसपट होते, अशा उदाहरणात ३ आणि ७ ही दोन्ही उत्तरे तो आनंदाने स्वीकारतो, कारण दोन्ही धन आहेत. पण ३९ च्या उदाहरणात त्याच्या दृष्टीने उत्तर एकच: ३. दुसरे उत्तर त्याने नाकारले असे म्हणणेही बरोबर होणार नाही. ते त्याच्या दारापर्यंत पोचलेच नाही.

आमच्या विद्यार्थिनीच्या दारापर्यंत मात्र ते पोचले. पुढच्या रविवारी तेच उदाहरण मी फळ्यावर आजच्या रीतीने सोडवले. ६४ चे वर्गमूळ अधिक ८ तसेच उणे ८. म्हणून क्ष = ३ किंवा क्ष = –१३. मुलांनी खाली मान घालून ते ठराविक वाक्य लिहायला घेतले. तिनेही लिहिले, आणि मग पेन्सिल खाली ठेवून विचारले, "सर, हे उत्तर चुकले म्हणून खोडायचे, की बरोबर असूनही खोडायचे?"

छत्तीस वर्षांत हा प्रश्न मला इतक्या नेमक्या शब्दांत कोणी विचारला नव्हता. मी म्हटले, बरोबर असूनही.

समीकरणाला जमीन ठाऊक नसते. त्याला एवढेच सांगितलेले असते, की एका संख्येला तिच्याहून १० ने मोठ्या संख्येने गुणले असता ३९ येतात. ही अट ३ पाळतो. ही अट उणे १३ देखील पाळतो, कारण त्याच्याहून १० ने मोठी संख्या उणे ३, आणि उणे १३ गुणिले उणे ३ म्हणजे ३९ च. समीकरण प्रामाणिक असते. जो जो अट पाळतो त्या प्रत्येकाला ते पुढे करते. ही संख्या रुंदी आहे आणि रुंदी शून्याहून अधिक असते, ही अट आपल्या मनात होती, समीकरणात आपण ती घातलीच नव्हती. म्हणून ती आता बाहेरून लावायची. यात नाकारण्याचा अधिकार आपला आहे, पण दोष उत्तराचा नाही.

आणि मग मी तिला ती गंमत दाखवली, जी पुस्तकात सहसा नसते. ऋणचिन्ह क्षणभर बाजूला ठेवून त्या अग्राह्य उत्तराकडे पाहा. १३. त्या जमिनीची लांबी किती होती? १३ हात. रुंदी शोधायला निघालो, तर समीकरणाने एका हाताने रुंदी दिली आणि दुसऱ्या हाताने, चिन्ह उलटे करून, लांबी दिली. लांबी काढण्यासाठी आपण ३ मध्ये १० मिळवतो तेव्हा ती संख्या आपण नुकतीच खोडलेली असते. याचे कारण अवघड नाही. लांबीला क्ष मानून समीकरण मांडले असते, तर उत्तरे १३ आणि उणे ३ आली असती. तीच जोडी, चिन्हे बदललेली. या ठिकाणी आपल्या वाचकांना बांधणाऱ्यांच्या एका दगडाची आठवण होईल. ती मी त्यांच्यावरच सोपवतो. गणितातून प्रवचन काढण्याची सवय मला कधी रुचली नाही, आणि आमच्या फादरांना तर मुळीच रुचत नाही.

दुसऱ्या उत्तराचे काय करावे, हा प्रश्न आपल्या मातीत फार पूर्वी पडलेला आहे, आणि तो ज्याने विचारला तो आपल्याच मुलखाचा. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावच्या दक्षिणेस, सह्याद्रीच्या कुशीत पाटण नावाचे ठिकाण आहे. तेथील देवळात इ.स. १२०७ चा एक शिलालेख आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. त्यात भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती आहे, आणि त्यांचा नातू चंगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिल्याचे नमूद आहे. हे भास्कराचार्य १११४ साली जन्मले आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. त्याचा एक भाग म्हणजे 'बीजगणित', आणि त्यात वर्गसमीकरणांना 'मध्यमाहरण' असे नाव आहे. मधले पद नाहीसे करणे, असा त्याचा अर्थ. क्षवर्ग, क्ष आणि नुसती संख्या या तीन पदांतले मधले तेवढे नाहीसे केले की वर्गमूळ काढून मोकळे होता येते. आमच्या लग्नपत्रिकेत ती मधली पट्टी चौरसाच्या दोन अंगांना लागून नाहीशी झाली होती, तेच हे.

भास्कराचार्यांच्या एका उदाहरणात वानरांचा कळप आहे. कळपाच्या आठव्या हिश्शाचा वर्ग करावा, तितके वानर वनात खेळताहेत; उरलेले बारा टेकडीवर आहेत. एकूण किती? समीकरण सोडवले की दोन उत्तरे येतात: ४८ आणि १६. पडताळून पाहावे. ४८ चा आठवा हिस्सा ६, त्याचा वर्ग ३६, आणि १२ मिळून ४८. १६ चा आठवा हिस्सा २, त्याचा वर्ग ४, आणि १२ मिळून १६. दोन्ही खरी, दोन्ही धन, दोन्ही भास्कराचार्यांना मान्य. हे उदाहरण मी वर्गात सांगितले तेव्हा मुले अस्वस्थ झाली. खरे किती वानर होते, ते सांगा, असा त्यांचा हट्ट. आमची फुलवाली मात्र शांत होती. ती म्हणाली, "टेकडीवर जाऊन मोजल्याशिवाय कसे कळणार?" मला याहून चांगले उत्तर देता आले नसते.

दुसऱ्या उदाहरणात कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा करून उरलेल्याचा वर्ग केला, तितके वानर गुहेत शिरले आहेत, आणि एक झाडाच्या फांदीवर दिसतो आहे. येथे उत्तरे येतात ५० आणि ५. पन्नासाचा पाचवा हिस्सा १०, त्यातून ३ गेले, ७ उरले, त्यांचा वर्ग ४९, आणि फांदीवरचा एक मिळून ५०. ठीक. पाचाचा पाचवा हिस्सा १. त्यातून ३ वजा केले तर उरतात उणे २. त्यांचा वर्ग ४, आणि फांदीवरचा एक मिळून ५. आकडा जुळतो, पण एका वानरातून तीन वानर वजा करण्याचे कौशल्य कोणत्याही कळपाला साधलेले नाही. भास्कराचार्य हे दुसरे उत्तर घेत नाहीत, आणि न घेण्याचे कारणही देतात: ते येथे लागू पडत नाही, आणि ऋण झालेल्या राशीवर लोकांचा विश्वास बसत नाही. कारण सांगून नाकारणे मला फार मोलाचे वाटते. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्येच ऋण आणि धन यांच्या बेरीज-गुणाकाराचे नियम घालून दिले होते. भास्कराचार्य ऋण संख्येवर टिंब देऊन ती सहज वापरीत. म्हणजे ऋणाची भीती त्यांना नव्हती. प्रश्न कोणाचा आहे, वानरांचा की कर्जाचा, हे ते आधी पाहत. वानरांच्या ठिकाणी कर्ज असते, तर निकाल निराळा लागला असता. आपल्या भाषेत 'ऋण' हा शब्दच मुळी कर्जाचा आहे, आणि कर्ज ही काही काल्पनिक वस्तू नव्हे, हे कोणत्याही पतपेढीत विचारावे.

युरोपला हे पचायला फार वेळ लागला. ऑगस्टिनियन मठवासी असलेला आणि पुढे ल्यूथरच्या बाजूला गेलेला मिखाएल स्टिफेल याने १५४४ च्या आपल्या ग्रंथात ऋण संख्यांना असंबद्ध ठरवले, आणि तरीही त्यांचे नियम मात्र नीट मांडले. पुढच्याच वर्षी कार्डानोने अशा उत्तरांना कल्पित म्हटले. ला फ्लेश येथील येशूसंघीयांच्या शाळेत शिकलेल्या देकार्तने १६३७ मध्ये त्यांना खोटी मुळे हे नाव दिले. येशूसंघीयांचा उल्लेख आलाच आहे, तर फादर क्रिस्टोफर क्लाव्हियस यांना वगळून पुढे जाणे बरे नव्हे. १५८२ च्या पंचांगसुधारणेत, म्हणजे ज्या वर्षी ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर उजाडला त्या वर्षी, ज्यांचे गणित कामी आले ते हे गृहस्थ. रोममधील येशूसंघाच्या महाविद्यालयात ते आयुष्यभर शिकवत राहिले आणि १६०८ मध्ये, सत्तरीत, त्यांनी बीजगणिताचे पाठ्यपुस्तक लिहिले. त्यांचा विद्यार्थी मात्तेओ रिच्ची १५७८ मध्ये गोव्यात उतरला, कोचीनला धर्मगुरू झाला, आणि पुढे चीनला गेला. सत्तरीतल्या माणसाने शाळकरी मुलांसाठी बीजगणित लिहावे, यात मला वैयक्तिक दिलासा वाटतो, एवढेच.

मुलांचे मन वानरांवर भरले की मी त्यांना दगड देतो. समजा, वीस मीटर उंच मनोऱ्यावरून एक दगड सेकंदाला १५ मीटर वेगाने सरळ वर फेकला. (आमच्या चर्चच्या मनोऱ्यावर चढण्यास मनाई आहे, हे प्रत्येक वेळी सांगावे लागते.) गुरुत्वाकर्षणाचा आकडा सोयीसाठी १० धरला, तर तो जमिनीवर केव्हा पडेल हे काढण्याचे समीकरण असे होते: क्षवर्ग – ३क्ष – ४ = ०. उत्तरे ४ आणि उणे १. काळ ऋण नसतो, म्हणून उणे १ अग्राह्य, आणि दगड ४ सेकंदांनी पडतो. पण थांबावे. उणे १ सेकंद म्हणजे दगड हातातून सुटण्याच्या एक सेकंद आधी. त्या क्षणी कोणी हाच दगड जमिनीवरून सेकंदाला २५ मीटर वेगाने वर फेकला असता, तर एका सेकंदात तो मनोऱ्याच्या टोकाशी आला असता, त्याचा वेग १५ मीटर उरला असता, आणि तेथून पुढचा त्याचा सारा प्रवास आपल्या दगडाच्या प्रवासाशी तंतोतंत जुळला असता. समीकरणाला मनोरा ठाऊक नाही. त्याला फक्त ती वाट ठाऊक आहे, आणि ती वाट जमिनीला दोन ठिकाणी टेकते.

मात्र दरवेळी असा अर्थ निघतोच, असे मुलांना सांगू नये. काही उदाहरणांत दुसरे उत्तर खरोखरच काही बोलत नाही. आणि काही समीकरणांत तर एकही उत्तर ग्राह्य नसते. चाळीस हात कुंपणात आयताकार वाफा आखायचा, तर क्षेत्रफळ फार तर १०० चौरस हात होते, तेही तो चौरस असला तर. कोणी ११० मागितले तर विवेचक उणे ४० येतो, आणि वर्गमूळ वास्तव संख्यांत सापडत नाही. हट्ट करणाऱ्या शेतकऱ्याला हे बांधावर उभे राहूनही कळते; बीजगणित ते न मोजता सांगते, इतकाच फरक.

परीक्षा दीड महिन्यावर आली तेव्हा मलाही चौरस-पट्ट्या बाजूला ठेवून सूत्राकडे वळावे लागले. २०१८ मध्ये आलेल्या दहावीच्या बीजगणिताच्या पुस्तकात दुसरेच प्रकरण वर्गसमीकरणांचे आहे. त्यावर प्रश्न येतोच, आणि घड्याळ कोणासाठी थांबत नाही. सूत्र पाठ करावे, याला माझी हरकत नाही. जपमाळेतल्या प्रार्थनाही आपण पाठच करतो. पण सूत्रातले ते चार आणि ते दोन कोठून आले, हे एकदा तरी पाहावे. त्याचे श्रेय भास्कराचार्य स्वतःकडे घेत नाहीत. त्यांच्या आधी होऊन गेलेल्या श्रीधराचार्यांना देतात. श्रीधरांचा बीजगणितावरचा मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही, रीत तेवढी भास्करांच्या पानांतून आपल्यापर्यंत आली. रीत अशी की वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने दोन्ही बाजू गुणायच्या आणि मधल्या पदाच्या मूळ सहगुणकाचा वर्ग दोन्हीकडे मिळवायचा. ३क्षवर्ग + ५क्ष = २ हे घ्या. बाराने गुणले: ३६क्षवर्ग + ६०क्ष = २४. पाचाचा वर्ग मिळवला: उजवीकडे ४९, आणि डावीकडे ६क्ष अधिक ५ यांचा पूर्ण वर्ग. म्हणून ६क्ष + ५ म्हणजे ७ किंवा उणे ७, आणि क्ष म्हणजे एक-तृतीयांश किंवा उणे २. वाटेत कोठेही अपूर्णांक नाही. तो शेवटी, एकदाच. कोपरा तोच, फक्त आधी सगळी जमीन मोठी करून घेतली, म्हणजे कोपऱ्याचे तुकडे करावे लागू नयेत. आमच्या विद्यार्थिनीला ही युक्ती फार आवडली. सुट्टे पैसे टाळण्यासाठी गिऱ्हाईकाला पाव किलोऐवजी किलो घ्यायला लावावे तशी ही, असे ती म्हणाली. उपमा सर्वांगी जुळत नाही, पण मी ती दुरुस्त केली नाही.

सराव परीक्षेसाठी मी तिच्यापुरते एक उदाहरण बाजारातून घेतले. एका बाईने ६०० रुपयांची फुले घेतली. भाव किलोला १० रुपयांनी कमी असता, तर तेवढ्याच पैशांत २ किलो फुले अधिक आली असती. तर भाव काय? समीकरण होते क्षवर्ग – १०क्ष – ३००० = ०, आणि उत्तरे ६० आणि उणे ५०. तिच्या उत्तरपत्रिकेत मांडणी नीट होती, सूत्र नीट होते, वजाबाकी एका ठिकाणी खोडून पुन्हा केली होती. शेवटी ते ठराविक वाक्य नव्हते. त्याऐवजी बारीक अक्षरांत लिहिले होते: भाव ऋण नसतो म्हणून ६० घेतला. ५० हा कमी झालेला भाव आहे. ६० ने १० किलो, ५० ने १२ किलो. पडताळा केला.

मी तिला हे शिकवले नव्हते. जमिनीच्या तुकड्यात तेरा कोठून आले ते एकदा दाखवले होते, तेही पाच महिन्यांपूर्वी. पूर्ण गुण देऊन मी तिला सांगितले, की बोर्डाच्या परीक्षेत पहिल्या वाक्यावर थांब. पुढचे लिहायला वेळ जाईल आणि तपासणारा गोंधळेल. तिने मान डोलावली.

जूनमध्ये निकाल लागला. ती उत्तीर्ण झाली. बीजगणितात बेताच्या, मराठीत चांगल्या गुणांनी. गुणपत्रिकेची झेरॉक्स घेऊन ती घरी आली, सोबत सोनचाफ्याची पुडी. पतपेढीतली जागा तिला मिळाली. दादरची पाटी आता तिची जाऊ नेते. बोर्डाच्या पेपरात शाब्दिक उदाहरण आले होते का, असे मी विचारले. आले होते, वयाचे. दुसरे उत्तर कशाचे होते ते मात्र तिला दोन तासांत सापडले नाही, आणि घरी येऊनही दोन दिवस सापडले नाही, म्हणून ते तिने माझ्यासाठी कागदावर लिहून आणले होते. चहा निवेपर्यंत आम्ही दोघे त्या कागदाशी बसलो. त्या उदाहरणात दुसरे उत्तर काही बोलत नव्हते.